अखेर शिल्लक

तहसील कचेरीत ज्याची हयात गेली त्याच्या मनात शिल्लकेविषयी एक प्रकारची श्रद्धा उत्पन्न होते. जमेचा आकडा रयतेच्या कष्टांतून आलेला असतो, खर्चाचा आकडा वरिष्ठांच्या मंजुरीवर अवलंबून असतो. पण संध्याकाळी कीर्द मिटवताना तळाशी जी रक्कम उतरते, जी उद्याच्या पानावर ‘आरंभीची शिल्लक’ म्हणून जशीच्या तशी ओढायची असते आणि जिच्यात रात्रीतून पैशाचाही फरक पडता कामा नये, ती रक्कम म्हणजे त्या दिवसाचे सत्य, अशी आम्हा कारकून मंडळींची समजूत असते. शिल्लक कोणाकडे काही मागत नाही, ती तिजोरीत पडून राहते, हे आम्ही गृहीतच धरलेले असते. सेवानिवृत्तीनंतर वाईच्या आमच्या जुन्या घरी येऊन राहिल्यावर परसातली मधपेटी आणि माळ्यावरची लोकरीची ट्रंक या दोन वस्तूंच्या सहवासात ही समजूत हळूहळू डळमळीत होत गेली. दोहोंतही शिल्लकच भरलेली आहे, आणि दोन्ही ठिकाणी ती स्वस्थ म्हणून बसत नाही.

पेटीतल्या माश्या सातेरी जातीच्या आहेत. सह्याद्रीच्या या पट्ट्यात मध गोळा करणाऱ्या माश्यांचे कुलाचार निरनिराळे आहेत. आग्यामाशी उंच कड्याला, वडाच्या आडव्या फांदीला किंवा एखाद्या सरकारी इमारतीच्या छज्ज्याला एकच प्रचंड पोळे उघड्यावर टांगते आणि माणसाच्या आश्रयाची यत्किंचितही अपेक्षा ठेवीत नाही. फुलोरी माशी करवंदीच्या जाळीत तळहाताएवढे एकच पोळे बांधून त्यावर संसार भागवते. नांगी नसलेली, चिलटाएवढी आणखी एक माशी जुन्या भिंतीच्या भोकातून राळेची नळी बाहेर काढून राहते. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, वारुळात किंवा पडक्या वाड्याच्या भिंतीत, म्हणजे अंधाऱ्या पोकळीत, एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते, आणि या एका स्वभावामुळेच ती लाकडी पेटीत नांदू शकते. 1960 नंतर पंजाब-हिमाचलाकडे जम बसवलेली परदेशी मेलिफेरा तिच्याहून कितीतरी अधिक मध देते हे खरे; परंतु तिला मोहरी-सूर्यफुलाच्या विस्तीर्ण शेतांच्या मागे पेट्यांसह हिंडवावे लागते, आणि परसातल्या शेवग्याच्या भरवशावर एक-दोन पेट्या ठेवणाऱ्या माझ्यासारखीला वर्षाकाठी चार-पाच किलो मध पुरून उरतो.

अशा माशीला घरी ठेवायचे म्हणजे तिच्या ढोलीला उचलून काढता येतील अशा चौकटी बसवायच्या. हे वाक्य लिहायला जितके सोपे तितके ते माणसाला सुचायला कठीण गेले. शतकानुशतके तो मडक्यात, पोकळ ओंडक्यात, भिंतीच्या कोनाड्यात माश्या वसवीत आला आणि मध हवा असला की पोळी कापून काढीत आला. कारण माश्या पोळे भिंतीला चिकटवून टाकीत, आणि ते सोडवायचे तर मोडावेच लागे. 1851 साली फिलाडेल्फियातील लँगस्ट्रॉथ नावाच्या एका धर्मोपदेशकाच्या ध्यानात आले की, चौकट आणि भिंत यांच्यामध्ये सुमारे तीन-अष्टमांश इंचाची फट राखली तर माश्या ती तशीच मोकळी सोडतात. त्याहून जागा ऐसपैस झाली तर तेथे नवे पोळे उभारतात, आणि फार अरुंद झाली तर राळ भरून ती बुजवून टाकतात. जगातील सारे आधुनिक मधमाशापालन या एका फटीवर उभे आहे. जमिनीची मोजणी पाहण्यात माझे अर्धे आयुष्य गेले, आणि दोन भावांच्या बांधावर हातभर जागा मोकळी सोडून दाखवणारा खातेदार काही माझ्या नजरेस पडला नाही. म्हणून मला त्या फटीचे अप्रूप अधिक. आपल्याकडे बंगालमध्ये टपाल-तार खात्यातील डग्लस नावाच्या अधिकाऱ्याने 1880 नंतरच्या दशकात या विद्येचा पाठपुरावा केला, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी सातेरीच्या लहान अंगाला बेताची अशी पेटी घडवली, जी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. माझे पहिले धडे महाबळेश्वरचे. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तेथे आहे, आणि तेथून जवळचे मांघर हे खेडे 2022 साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाल्यापासून वाईच्या बाजारातही मधाविषयी बोलणारे लोक वाढले आहेत, मात्र घेणारे त्या प्रमाणात वाढल्याचे दिसत नाही.

पेटी उघडायची ती कोवळे ऊन पडल्यावर, वारा पडलेला असताना, आणि अंगाला अत्तर-तेलाचा वास नसताना. लाकडी तिवईचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असतात, नाहीतर मुंगळे एका रात्रीत जप्ती आणतील. दारापाशी काही कामकरी माश्या डोके बाहेर काढून पंख हलवीत असतात. पेटीत हवा खेळती ठेवण्याची ही त्यांची पाळी. मेलिफेराच्या कामकरी हेच काम डोके आत करून करतात म्हणतात, आणि दोन्ही जातींचे काम सारखेच चालते. झाकण काढले की आधी वास येतो: मेणाचा, कोमट मधाचा, आणि त्याखाली किंचित आंबूस असा परागाचा. धुरणीचा एक हलका झोत देऊन मधली चौकट दोन्ही हातांनी सरळ उभी उचलावी, आडवी करू नये, कारण उन्हात मऊ पडलेले नवे पोळे स्वतःच्याच भाराने मोडते. चौकटीवर दफ्तराची मांडणी दिसते. मध्यभागी पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या आणि तपकिरी टोप्यांखाली निजलेले कोष. त्याभोवती परागाची अर्धवर्तुळाकार किनार, कुठे ज्वारीचा फिका पिवळा, कुठे सूर्यफुलाचा नारिंगी, प्रत्येक घरात वेगळ्या दिवसाची कमाई दडपून भरलेली. आणि सर्वांत वर, कमानीसारखा, पांढऱ्या मेणाने मोहरबंद केलेला मध. ज्या घराला मेणाची मोहर लागली नाही तेथला मध अजून पातळ आहे, त्यातले पाणी माश्यांनी पंखांनी वारा घालून उडवायचे आहे, आणि तो काढला तर बाटलीत आंबणार, हे पाहताक्षणी कळते. हिशेब तपासण्याची इतकी सोय मी कोणत्याही तालुक्यात पाहिली नाही.

पण नेमका येथेच शिल्लकेचा पहिला घोळ सुरू होतो. वरच्या कमानीतला हा मध कोणाचा? पुस्तके सांगतात की पिलाव्याच्या कोठीवर जी मधकोठी चढवतात तिच्यातला मध हा फाजील, आणि फाजिलावर पालकाचा हक्क. पुष्कळ लोक एवढ्यावर निश्चिंत होतात. परंतु माशीच्या दृष्टीने वरचा मजला आणि खालचा मजला असा भेद नाही. तिच्या दृष्टीने हा सारा पावसाळ्याचा दाणागोटा आहे. फाल्गुनात जांभूळ मोहरते, चैत्र-वैशाखात हिरडा आणि गेळा यांना बहर येतो, खाली वाईकडे निंब आणि चिंच भर घालतात. त्यानंतर जो पाऊस कोसळू लागतो तो श्रावण सरेपर्यंत माशीला दाराबाहेर पाऊल टाकू देत नाही, आणि टाकले तरी फुलातला मकरंद धुऊन गेलेला असतो. सात-आठ वर्षांतून एकदा कारवी फुलते तेव्हा पावसाच्या उतरणीला डोंगरच्या डोंगर जांभळा होतो आणि माश्यांचे दैन्य फिटते. पण त्या अधिक सालाच्या आशेवर मधली वर्षे निभत नाहीत. तेव्हा वैशाखात जी शिल्लक दिसते ती गरज भागून उरलेली नसते, गरज अजून यायची असते म्हणून ती उरल्यासारखी दिसते. तिजोरीतल्या रकमेविषयीही हेच म्हणता येईल, पण नोकरीत असताना असले विचार करणाऱ्याची बढती लांबते.

मेढ्याकडचे एक वृद्ध मधपाळ अधूनमधून आमच्याकडे येतात. त्यांनी या सगळ्या विवंचनेचा निकाल एका वाक्यात लावला. “बाई, वरच्या मजल्याचं आपलं, खालच्याला हात लावायचा न्हाई, आन् मिरग लागला की वरचंबी त्येंचंच.” मी त्यांच्या या कायद्याला माझ्या खात्यातले एक कलम जोडले आहे. पूर्वी हंगामाच्या शेवटी गावोगावच्या पिकांची आणेवारी ठरवीत, आणि ती सहा आण्यांच्या खाली उतरली की शेतसाऱ्याची वसुली तहकूब करीत, प्रसंगी सूट देत. मीही वैशाखात चौकटी उचलून पाहते, मोहरबंद घरांचा नजरअंदाज घेते आणि त्या वर्षीची आणेवारी वहीत नोंदवते. साल चांगले असेल तर मधकोठीतल्या चौकटी उतरवायच्या. मध्यम असेल तर निम्म्या. आणि अवकाळी पावसाने जांभळीचा मोहर झडला असेल त्या साली झाकण लावून मुकाट्याने परत फिरायचे. काही हुशार पालक सगळा मध काढून घेतात आणि आषाढात साखरेच्या पाकाची तगाई वाटतात. पाकावर माश्या जगतात, यात शंका नाही. मीही पडत्या काळात वाटी ठेवते. पण रयतेचे धान्य उचलून तिला कर्ज वाटण्याचा हा प्रकार पाहून मला काही जुन्या फायली आठवतात, आणि त्या फार सुखाच्या नाहीत.

काढलेल्या चौकटींवरची मेणाची मोहर सुरीने अलगद तासून त्या यंत्राच्या पिंजऱ्यात उभ्या करायच्या आणि दांडा फिरवायचा. मध पिंपाच्या भिंतीवर उडून खाली ओघळतो आणि पोळे अभंग राहते. 1865 साली ह्रुश्का नावाच्या एका गृहस्थाने ही युक्ती काढली तोवर पोळे पिळण्यावाचून गत्यंतर नव्हते. रिकामे पोळे जसेच्या तसे परत देता येणे ही माशीवर केलेली खरी मेहेरबानी आहे, कारण थोडेसे मेण आपल्या पोटाखालच्या ग्रंथींतून काढायला तिला त्याच्या कित्येक पट मध खावा लागतो. मध ही तिची रोख शिल्लक. पोळे ही इमारत. भाडेकरूकडून भाडे घ्यावे, पण घर पाडून विटा नेऊ नयेत.

आता माळ्यावरच्या ट्रंकेकडे वळते. ती सासूबाईंची. त्यांच्या हयातीत तिला कुलूप असे, आणि आत उरलेल्या लोकरीचे गुंडे, एवढेच काय ते धन होते. मी ती पहिल्यांदा स्वस्थपणे उघडली तेव्हा प्रत्येक गुंडा हाती घेताच ओळख पटत गेली: हा गडद निळा मुलांच्या शाळेच्या स्वेटरांचा, हा मरून मामंजींच्या बिनबाह्यांच्या स्वेटरचा, हा मोतिया नणंदेच्या बाळंतपणातल्या टोपड्याचा, हा राणी रंग कोणीतरी हौसेने आणून मग नको म्हटलेला. गुंड्यांच्या पोटात जुनी पोस्टकार्डे घडी करून घातलेली होती, कारण लोकर गुंडाळायला मध्ये काहीतरी कडक लागते. एक राखाडी गुंडा विणता विणता संपला आणि आतून कार्ड निघाले. शाईने लिहिले होते की आंबेमोहोर दोन पायली पाठवला आहे, पोच द्यावी. पोच दिली गेली की नाही हे आता सांगायला कोणी नाही, म्हणून मी ते कार्ड दप्तरी दाखल करून घेतले आहे.

उरलेल्या लोकरीला दोन सुयांचे विणकाम फारसे मानवत नाही. तेथे ओळीतले सारे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात, एक निसटला तर खालपर्यंत घर उसवत जाते, आणि रंग संपला की पुढचे सगळे नियोजन कोलमडते. क्रोशाचे तसे नाही. आकडीसारख्या एका सुईवर कोणत्याही क्षणी एकच फास जिवंत असतो. बाकीचे सारे काम होऊन गेलेले, आपापल्या जागी मिटलेले. त्यामुळे हातभर धागा असला तरी त्याच्यापुरती साखळी घालता येते, मुके खांब घालता येतात, आणि धागा संपला की दुसरा जोडून पुढे जाता येते. दारिद्र्याशी या कलेचे सूत जुळले ते बहुधा याचमुळे. 1845 नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजून दुष्काळ पडला तेव्हा तिथल्या जोगिणींच्या मठांतून खेड्यातल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली गेली आणि तिच्या विक्रीवर पुष्कळ घरे तगली. गोदावरीच्या मुखाशी नरसापूरच्या परिसरात मिशनरी बायकांनी लावलेले हेच विणकाम आजही हजारो हातांना काम देते, आणि त्या हातांना मिळणारी मजुरी पाहता लेस हा शब्द उच्चारताना थोडे थांबावेसे वाटते. आपल्या मराठी घरांत ती मुलींच्या शाळांतल्या शिवण-विणकामाच्या तासांतून, सेवासदनासारख्या संस्थांच्या वर्गांतून आली आणि तोरणे, रेडिओवरचे रुमाल, पाण्याच्या तांब्यावरची मणी लावलेली झाकणे यांच्या रूपाने मध्यमवर्गाच्या भिंती-फळ्यांवर पसरली. त्या झाकणांना पुढच्या पिढीने पुष्कळ नाके मुरडली. मी त्यांची बाजू घेणार नाही. पण काठाच्या मण्यांचा भार असल्यामुळे ती वाऱ्याने उडत नसत आणि चिलटे पाण्यात पडत नसत, एवढे मान्य करायला हवे.

मी विणते ते षट्कोन. त्याची रीत सांगण्याजोगी आहे. चार साखळ्यांचे कडे करून त्यात सहा मुके खांब घालायचे. दुसऱ्या फेरीत प्रत्येकावर दोन, म्हणजे बारा. तिसऱ्या फेरीत अठरा. चौथ्या फेरीत चोवीस. दर फेरीस सहाची वाढ झाली की विणकाम टेबलावर सपाट बसते. वाढीच्या जागा फेरीगणिक सरकवीत गेले तर गोल तयार होतो, आणि त्या एकाखाली एक ठेवल्या तर आपोआप सहा कोपरे फुटतात. हा सहाचा आकडा कोणी ठरवला, याचे मला फार दिवस कुतूहल होते. मधमाशीच्या घराला सहाच बाजू का, या प्रश्नावर चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या पापसने लिहिले की, जागा न सोडता सपाट पृष्ठ भरून काढणाऱ्या आकृतींत षट्कोनच थोड्या भिंतींत अधिक माल साठवतो. आणि कमीत कमी भिंतींत समान घरे पाडायची झाली तर षट्कोनाला तोड नाही, हे हेल्स नावाच्या गणितज्ञाने संपूर्ण सिद्ध करून दाखवायला 1999 साल उजाडावे लागले. माश्या घर मुळात गोलच बांधतात आणि मेण ऊबेने मऊ होऊन एकमेकांच्या दाबाने त्याचे सहा कोन होतात, असेही काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. तसे असेल तर कोन पाडण्याचे श्रेय शेजाऱ्यांना जाते. भिंतीची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते, आणि माझा सर्वांत बारीक सुताचा षट्कोन तिच्याशेजारी ठेवला तर घोंगडीचा तुकडा वाटतो.

या सहाच्या हिशेबातूनच मला शिल्लकेची खोड प्रथम कळली. एका फेरीत सहाऐवजी आठ-नऊ टाके वाढवले की विणकाम सपाट राहत नाही. टाके जादा झाले, पण त्यांना बसायला परिघावर जागा नाही. मग कडा उचलते, तिच्यात लाट येते, आणि तोच क्रम चालू ठेवला तर कोंबड्याच्या तुऱ्यासारखी झालर उभी राहते. लहानपणी फ्रॉकला लावायच्या झालरी आम्ही अशाच जादा टाक्यांच्या करीत होतो, आणि त्यात काही विद्या आहे असे कोणाला वाटत नव्हते. 1997 साली कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना या गणिताच्या अध्यापिकेने नेमक्या याच रीतीने, प्रत्येक ओळीत ठरावीक प्रमाणात टाके वाढवीत, भूमितीतले ऋण वक्रतेचे पृष्ठ क्रोशावर विणून दाखवले, जे तोवर विद्यार्थ्यांना कागदाच्या नाजूक पट्ट्यांनी कसेबसे समजावून द्यावे लागत होते. फाजील ते उताणे पडून राहत नाही. त्याला जागा दिली नाही तर ते उठून स्वतःपुरती जागा तयार करते.

मधपेटीत हीच गोष्ट दर वर्षी माघ-फाल्गुनात घडते. शेवगा फुलतो, पराग भरपूर येतो, पिलावा वाढतो, आणि एक दिवस पेटीत माश्या अधिक होतात. चौकट उचलून पाहावे तर पोळ्याच्या खालच्या कडेला दोन-चार मोठ्या, तोंड खाली करून लोंबणाऱ्या कोठड्या दिसतात. त्यांत वाढणारी अळी जन्माने इतर कामकरी माश्यांहून वेगळी नसते. तिला अखेरपर्यंत राजान्न मिळते आणि सुमारे सोळा दिवसांत ती राणी होऊन बाहेर पडते. ती यायच्या आधीच जुनी राणी घर सोडते. मला या रिवाजाचे फार महत्त्व वाटते: आपल्याकडे वाटण्या होतात तेव्हा धाकट्याने परागंदा व्हावे आणि थोरल्याने वाड्यात राहावे असा सर्वसाधारण संकेत, येथे म्हातारी राणी बांधलेले, भरलेले घर लेकीला देऊन निम्म्याहून अधिक गोतावळ्यासह उघड्यावर पडते. निघण्यापूर्वी प्रत्येक माशी पोट भरून मध घेते. शिल्लकेचा जो हिस्सा पोळ्यात होता तो असा चालता होतो.

एका फाल्गुनात आमच्या शेवग्याच्या फांदीला असा घोस लागला. शेजारची मंडळी खिडक्या लावून बसली आणि कोणीतरी पेटते टेंभे आणण्याच्या गोष्टी बोलू लागले. खरे पाहता पोटभर मध घेऊन बसलेल्या आणि राखायला घर नसलेल्या माश्यांइतका निरुपद्रवी समुदाय दुसरा नसतो. मी अंगणात खुर्ची टाकून पाहत बसले. घोसाच्या पृष्ठभागावर काही माश्या शेपटी हलवीत, एका दिशेने थोडे चालून पुन्हा वळून, नाचत होत्या. फुलांचा पत्ता सांगणारे हे नृत्य कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडले, आणि त्यासाठी त्यांना 1973 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पण घोसावरच्या नर्तकी फुलांविषयी बोलत नाहीत हे त्यांचे शिष्य लिंडाउअर यांच्या लक्षात आले. 1949 च्या सुमारास, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या म्युनिकमध्ये, त्यांना नाचणाऱ्या माश्यांच्या अंगावर परागाऐवजी काजळी, विटांची भुकटी आणि पीठ माखलेले दिसले. त्या धुराड्यांतून, पडक्या भिंतींतून घर शोधून आल्या होत्या आणि आपापल्या जागेची शिफारस करीत होत्या. आमच्या घोसावरच्या माश्यांच्या अंगाला काय लागले आहे ते मला चष्म्यातूनही दिसले नाही. आणि त्यांचा ठराव मंजूर होण्यापूर्वीच मेढ्याचे मधपाळ आले, घोसाखाली जुन्या पोळ्याचा वास लागलेली रिकामी टोपली धरून त्यांनी फांदीला एक झटका दिला, आणि संध्याकाळी त्या सगळ्यांना नव्या पेटीत नेऊन घातले. “राणी आत गेली का?” असे मी विचारल्यावर ते म्हणाले, “ती गेल्याबिगर बाकीच्या जात्यात व्हय?” तेव्हापासून परसात दोन पेट्या झाल्या. तिसरीला जागा नाही, असे मी त्यांना बजावून ठेवले आहे.

षट्कोनांचे पांघरूण आता पुरे होत आले आहे. त्याच्या रंगसंगतीचे श्रेय माझ्याकडे नाही, कारण मी काही निवडलेले नाही. निळा संपला तेथे बदामी आला, बदामीला राणी रंग खेटून बसला, आणि सुनेने ते पाहून “आई, हे फारच मॉडर्न दिसतंय हो,” असा अभिप्राय दिला, जो स्तुती समजावा की कसे, हे मी ठरवू शकले नाही. एक खबरदारी मात्र मी काटेकोर पाळली. प्रत्येक गुंड्याचा बोटभर धागा काडीने पेटवून पाहिला: अस्सल लोकर केस जळल्यासारखी दरवळते आणि विझून भुकटी होते, अॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी बनतो. दोन्ही एकाच षट्कोनात आली तर गरम पाण्याच्या पहिल्याच धुण्यात लोकर आटते, अॅक्रिलिक आटत नाही, आणि मधे फुगवटे येतात. म्हणून आटणाऱ्यांचे पांघरूण वेगळे, न आटणाऱ्यांचे वेगळे. यात जातिभेद नाही, केवळ पाण्याचा अनुभव आहे.

उरला प्रश्न काठाचा. चारही बाजूंनी एकाच रंगाचा काठ फिरवल्यावाचून असले पांघरूण पांघरूण दिसत नाही, आणि ट्रंकेतला एकही गुंडा सगळीकडून एक फेरा घेण्याइतका लांब भरेना. म्हणजे उरलेल्या लोकरीचे चीज करण्यासाठी नवी विकत आणणे आले. आषाढात माश्यांना मध ठेवूनही साखरेचा पुडा आणावा लागतो, तसेच हे. मी पिशवी घेऊन बाजारात गेले आणि पांढऱ्याचा एक गुंडा मागितला. दुकानदाराने तो काउंटरवर ठेवला, कागदाच्या पट्टीवरचा रंगाचा नंबर आणि घाण्याचा नंबर चष्मा वर करून वाचला, आणि म्हणाला, “मावशी, दोन न्या. पुढच्या घाण्याचा पांढरा याच्याशी जुळायचा नाही.” मी दोन घेतले.